न खाल्लेली साखर

"मावशी, खरं सांगा, गोड खाताय ना?" अर्चनाने कॉम्प्युटरचा स्क्रीन लीलावतीबाईंकडे वळवला. तीन महिन्यांची सरासरी साखर पुन्हा चढली होती.

बर्मिंगहॅमच्या त्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, अर्चना बारा वर्षं डायबिटीस नर्स होती. पेशंट खोटं बोलतात, हे ती धरूनच चालायची. एकाहत्तर वर्षांच्या लीलावतीबाईंनी भात सोडला होता, चहातली साखर सोडली होती. तरी गेल्या दोन खेपांना तिने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"शपथ घेऊन सांगते, नाही गं."

ब्लडप्रेशर बघायला अर्चनाने त्यांची बाही वर सारली आणि तिचा हात थबकला. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते.

"आमच्या ह्यांचा हात," लीलावतीबाई म्हणाल्या. "डिमेन्शिया आहे ना. दोन वर्षं झाली. घरात चोर शिरलाय असं वाटतं त्यांना. चोर म्हणजे मी."

"कधी बोलला नाहीत ते?"

"तू खाण्याचंच विचारायचीस."

अर्चना खजील झाली. सतत ताण असला की कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं, लिव्हर रक्तात साखर सोडत राहतं, पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मन खचलं की त्यात भरच पडते. नव्या नर्सेसना ती हे तोंडपाठ शिकवायची.

तिने त्याच दिवशी सोशल सर्व्हिसेसला कळवायचं ठरवलं. लीलावतीबाईंनी तिचा हात धरला. "साखर राहू दे वाढलेली. त्यांना केअर होममध्ये नका टाकू."

पण महिन्याभरात त्यांच्या नवऱ्याला, कमलाकरांना, तिथे न्यावंच लागलं.

हिवाळ्यात लीलावतीबाई पुन्हा आल्या. गोळ्या त्याच, जेवण तेच. आकडा मात्र झपाट्याने उतरला होता.

"व्हेरी गुड, मावशी!" अर्चना बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"म्हणजे त्यांच्यामुळेच वाढली होती साखर?"

अर्चनाने स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. लीलावतीबाईंनी कोटाची बटणं लावली.

"निघते. त्यांना भरवायला जायचंय. माझ्या हातून जेवतात." दाराशी त्या थांबल्या. "परवा मला 'थँक यू, सिस्टर' म्हणाले. संसारात पहिल्यांदा आभार मानले त्यांनी."