अमर माशाचा दात

शिंप्याच्या दुकानावरचा हॉल गच्च भरला होता. जिन्यात चपलांचा ढीग, खिडक्यांत डोकी, आणि समोर टेबलावर वाळलेल्या मातीचं ढेकूळ. सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जणू ते आता भाषण ठोकणार आहे.

भाषण अर्थात अमरबाबाच ठोकत होता. आवाज असा, की वाटावं घशात गूळ अडकलाय.

"सहा महिने हा जीव मातीत मरून पडलाय! आता माझं मंतरलेलं पाणी पडेल. माझं नाव घेत राहा. थांबलात तर जीव परत जाईल!"

अर्धा तास "अमर, अमर" चाललं. मग माती फुटली आणि हातभर लांब, बुळबुळीत मासा वळवळत बाहेर आला. हॉल किंचाळला. माझी आत्या तर रडायलाच लागली.

माझं डोकं फिरलं ते तिथे. आत्याला रोज इन्सुलिन लागतं. बाबाने तिच्या गळ्यात दगडाचा एक 'पंजा' बांधून सांगितलं होतं, "अमर माशाचा पंजा आहे. आता सुई बंद!" कालपासून तिने सुई घेतली नव्हती. सकाळी दोनदा ओकली, घटाघटा पाणी पीत होती. डॉक्टरबाई फोनवर ओरडल्या, "आत्ताच्या आत्ता घेऊन या!" पण आत्या ढिम्म. "आधी बाबा, मग डॉक्टर."

म्हणून मी शाळेची पाण्याची बाटली घेऊन तिच्यासोबत आले होते. आणि आईने रात्री सांगितलेलं सगळं डोक्यात घेऊन. आई संग्रहालयात जीवाश्म साफ करते. तो पंजा बघताच ती म्हणाली होती, "अगं, हा तर दात!"

उद्याच्या चमत्कारासाठी दुसरं ढेकूळ टेबलाखाली तयारच होतं. मी सरळ पुढे गेले आणि त्यावर बाटली रिकामी केली.

"अरे, धरा तिला!" बाबा किंचाळला. "साध्या नळाच्या पाण्याने पाप लागेल! नामाशिवाय जीव येत नसतो!"

"मग बघू या की. नाव नको, पाढे म्हणू."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शिंपीकाकांनी मापाची टेप गळ्यात टाकली आणि खणखणीत सुरुवात केली, "एकोणतीस एके एकोणतीस!" मागे आख्खा हॉल. सातेला अर्धे जण अडखळले, मग सगळे गुमान बेच्या पाढ्यावर आले. माशाला त्याचं काही वाटलं नाही. तिसाच्या पाढ्यापर्यंत पोचायच्या आत तोही बाहेर आला, पहिल्याइतकाच बुळबुळीत.

"हा फुप्फुसमासा," मी म्हणाले. "तळं आटलं की चिखलात शिरतो, अंगाभोवती कोष करतो आणि फुप्फुसाने श्वास घेत झोपून राहतो. फुटलेल्या ढेकळाच्या या तुकड्याला बारीक भोक दिसतंय? त्याची खिडकी. पाणी लागलं की हळूहळू जागा होतो. नामजप कशाला, कळलं? त्याला जागं व्हायला वेळ हवा म्हणून!"

बाबा गडबडला, पण तोंड चालूच. "झोपला असेल! पण ही जात अमर आहे! कोट्यवधी वर्षं मेली नाही!"

मी आत्याच्या गळ्यातला पंजा उचलून धरला. "हा पंजा नाही, या माशांच्या एका नातेवाइकाचा दात आहे. पंख्यासारखा, वर चार कंगोरे. डायनासोरांच्या काळात यांचे कितीतरी प्रकार होते. कुणाचे दात धारदार, कापायला. कुणाचे चपटे, शिंपले फोडायला. मग एकेक प्रकार संपत गेला. आज जगात जेमतेम सहा उरलेत. अमर असते, तर माझ्या आईला त्यांचे दात घासायची नोकरी लागली असती का?"

हॉल खो खो हसला. बाबा दोन्ही मासे एका हंडीत टाकून मागच्या दाराकडे निघाला, तर तिथे शिंपीकाका उभे. "मासे इथेच ठेवा. आणि तुम्हीही थांबा, पोलीस येताहेत."

आत्या हसली नाही. तिने दोरा तोडला. माझा हात धरला तेव्हा तिची बोटं गार पडली होती.

"फार उशीर केला का गं मी?"

"चल आधी!"

रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या आणली असतीस, तर मी काही करू शकले नसते."

आत्या आता बरी आहे. तो दात आईच्या टेबलाच्या खणात आहे. त्याला लावलेल्या चिठ्ठीवर आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'दात. औषध नव्हे.'

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर भांडू नका, नमस्कारही करू नका. फक्त पाण्याची बाटली आपल्या घरून न्या.