दिवाणाखालचा धोटा

सोमवारी सकाळी पावणेआठ वाजता मी दिवाणाखाली गेलो. आज रविवार आहे आणि मी अजून तिथेच आहे.

मी एक जुना धोटा आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी धोटा पाहिलेला नसेल, म्हणून आधी ते सांगतो. हातमागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन जो डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे धावतो, तो धोटा. माझा आकार लहानशा होडीसारखा आहे. पोटातल्या पोकळीत सुताची कांडी बसते आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या आहेत. पवनीच्या एका सुताराने मला शिसवाच्या लाकडातून घडवलं आणि केवळराम नावाच्या विणकराच्या हाती दिलं. त्यानंतर मी दुसऱ्या कोणा विणकराच्या हाती गेलो नाही.

केवळरामांचा माग खड्ड्याचा होता. ते खड्ड्यात पाय सोडून बसत आणि मला एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे. चुकून कोणाचा पाय लागला तर तो आधी मला नमस्कार करी, मग पुढे जाई. मागावरून लुगडं उतरलं की गिऱ्हाईक काठाचं कौतुक करी. माझं नाव कोणी घेत नसे, पण केवळराम मला फडक्याने पुसून ठेवत. मला तेवढं पुरे होतं.

सुताला तांदळाची खळ देतात. त्या वासाने उंदीर येतात, म्हणून विणकराच्या घरी मांजर असतंच. मात्र त्या मांजराला पहिला धडा मिळतो तो उंदराचा नव्हे. हलत्या धाग्याला पंजा लावायचा नाही, हा तो धडा. केवळरामांच्या एका मांजरीने कधीतरी धागा गिळला होता. तो आतड्यात अडकला आणि ती वाचली नाही. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक पिल्लाने मागाकडे पंजा उचलला की त्याच्या नाकावर टिचकी बसे. दुखेल अशी नाही, पण लक्षात राहील अशी.

भुरी ही त्या घरातली शेवटची मांजर. ती खड्ड्याच्या काठावर बसायची आणि मी धावू लागलो की तिची मान माझ्याबरोबर फिरायची. इकडे, तिकडे. पंजा मात्र जागचा हलत नसे. केवळराम मोठ्या अभिमानाने सांगत, "आमची भुरी नुसती पायते."

मग केवळरामांची बायको गेली. त्यांच्या डोळ्यांनाही धागा नीट दिसेना. माग उकलला गेला. त्यांची मुलगी रेणू जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि भंडाऱ्याजवळच्या शहापूरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. तिने वडिलांना तिथे आणलं. भुरी पिशवीत बसून आली. मी लाल कापडात गुंडाळून आलो आणि देवाच्या फळीवर बसलो.

खाली हायवे आहे. रात्रंदिवस ट्रक चालतात. भुरी एकदा जिन्याने खाली गेली आणि एका कारखाली सापडता सापडता वाचली. त्यानंतर दार बंदच राहू लागलं. रेणू सकाळच्या बसने जाई ती संध्याकाळी परते. केवळराम खुर्चीत बसत. भुरी कपाटाच्या कोपऱ्यात बसे. मी फळीवर होतो. एका घरात आम्ही तिघे होतो आणि तिघांनाही काम नव्हतं.

भुरी आधी दिवसभर झोपू लागली. मग ती आपलं पोट चाटू लागली, इतकं की तिथले केस गेले आणि गुलाबी कातडी दिसू लागली. भंडाऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. आजार काही नाही, तिला घरात करमत नाही, तिच्याशी खेळा, असं ते म्हणाले. रेणूने काडीला बांधलेलं पीस आणलं, घुंगराचा चेंडू आणला. भुरी ते बघे आणि तोंड फिरवून घेई.

आसगावची सत्यभामाबाई ही रेणूची मावशी. तिच्या घरी धानाची शेती आहे; बांध घातलेल्या त्या वाफ्यांना इकडे बांध्या म्हणतात. ती फोनवर म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर ठेवाचं होतं त कबूतर पाळतीस. मांजर काहून ठेवली? धाड इकडं. आमच्या बांध्याइत लय उंदरं हायेत."

रेणू हसली, पण ते तिच्या मनात राहिलं.

एका सुट्टीच्या दुपारी रेणू चेंडू घरंगळवत होती. भुरी बघत होती. पंजा थोडा उचलला गेला आणि परत खाली आला. केवळराम खुर्चीत पुढे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "रेणू, तिले खेळता येते. मीनंच तिले खेळू देलो नाही ना."

त्यांनी मला फळीवरून काढलं, कपाळाला लावलं, आतली कांडी काढून कपाटात बंद केली, पितळी टोकांवर चिंध्या गुंडाळल्या. मग मला जमिनीवर ठेवलं. मित्रांनो, त्याआधी मला कोणी जमिनीवर ठेवलं नव्हतं. रेणूसुद्धा चमकली. "बाबा, धोट्याले खाली ठेवता?"

"कामालेच त ठेवून राहिलो."

ते पाय पसरून खाली बसले आणि मला फरशीवरून सरकवलं, एका हातातून दुसऱ्या हाताकडे. भुरीची मान फिरली. इकडे, तिकडे. पंजा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही हलला नाही. केवळराम रोज बसत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं की भुरी माझ्याकडे कमी आणि त्यांच्या बोटांकडे जास्त बघते. त्यांनी मला सरकवलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. टिचकी मारणारी बोटं समोर नव्हती.

भुरीने पंजा मारला. लगेच डोळे मिटून नाक खाली घातलं. टिचकी आली नाही. तिने दुसऱ्यांदा मारला तेव्हा मी थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आदळलो, आणि केवळराम इतके हसले की रेणू पीठ भरल्या हातांनी बाहेर आली.

त्यानंतर घर बदललं. सकाळी आणि संध्याकाळी माझ्याशी खेळ होई, भुरी दमली की तिला वाटीत खायला मिळे. शिकार झाली, मग जेवण, असं केवळराम म्हणत. टेबलाच्या पायाला मागाची जुनी दोरी घट्ट गुंडाळली गेली, ती तिला नखं घासायला. जाळी लावलेल्या खिडकीशी स्टूल आलं. तिथून धानाच्या बांध्यांतले बगळे दिसतात. खोक्यांच्या मागे सुके झिंगे लपवले जात आणि ते हुडकण्यात तिची दुपार जाई. पोटावर लव आली. केवळरामही दुपारी खुर्चीत पेंगेनासे झाले.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मुलगा भूषण नागपूरला असतो. त्याच्याकडे काही आठवडे राहायचं होतं. निघताना त्यांनी मला रेणूच्या हातात दिलं.

"दोन्ही टाइम खेळव तिले. मी येतपर्यंत."

"हो बाबा. तुमी डोळ्याची काळजी घ्या."

तो रविवार होता. सोमवारी सकाळी रेणूला उशीर झाला होता. तिने एका खांद्यावर पर्स अडकवली आणि उभ्यानेच मला भिरकावलं. मी फरशीवरून सुसाट गेलो, दिवाणाखाली शिरलो आणि भिंतीजवळच्या पायामागे अडकलो. बस खाली थांबली होती. संध्याकाळी काढते, असं ती भुरीला म्हणाली. संध्याकाळी ती थकून आली आणि विसरली. मी तिला दोष देत नाही. दिवसभर उभं राहून काम करणारं माणूस आहे ते.

दिवाणाखालची फट अरुंद आहे. भुरीचा पंजा आत येतो, पण ती येऊ शकत नाही. रोज पंजा येतो. नखं फरशीवर वाजतात, माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबतात आणि परत जातात. मग बराच वेळ फक्त तिचा श्वास ऐकू येतो. मला आवाज नाही, मित्रांनो. मागावर असताना माझी खटखट गल्लीच्या टोकापर्यंत जायची. इथे मला कोणी फेकत नाही, तोवर मी आहे हे कोणाला कळायचा मार्ग नाही.

भुरीने खाणं कमी केलं. मी रेणूच्या ध्यानातून पार गेलो होतो; तिने चेंडू दिला, पीस हलवलं. भुरी दिवाणाजवळून उठली नाही. तिने पोट पुन्हा चाटायला घेतलं. बाबांवाचून तिला करमत नाही, असं रेणूने मावशीला फोनवर सांगितलं. मावशीने भुरीला आसगावला न्यायला मुलाला, प्रवीणला, पाठवायचं ठरवलं. नागपूरला हे कळवलेलं नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला कशाला त्रास, असं रेणू म्हणाली.

तुमच्या घरी मांजर असेल तर एवढं करा. दार बंद ठेवलंत तर घरात तिला काम द्या. रोज थोडा वेळ तिच्यासमोर जमिनीवर बसा. आणि ती एकाच जागी बघत बसली असेल, तर ती आजारी आहे असं ठरवण्याआधी वाकून तिथे बघा.

आज सकाळी प्रवीण टोपली घेऊन आला आहे. मला त्याच्या चपला दिसल्या, मग अनवाणी पाय. त्याने भुरीला उचलायला हात घातला. तिने दिवाणाच्या चादरीत नखं रोवली. चादर ताणली गेली, पण तिने सोडली नाही.

प्रवीण म्हणाला, "ताई, हे इथंच काहून बसून राहते वो?"

टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रेणूचे गुडघे फरशीला टेकले, मग कोपर. मोबाइलचा उजेड फटीतून आत आला आहे. भुरीचा पंजा त्या उजेडात आहे. उजेड भिंतीकडे सरकतो आहे. माझ्या अलीकडे दिवाणाचा पाय आहे, पण चिंधी गुंडाळलेलं माझं एक टोक त्याच्या बाहेर उरलं आहे.