एका फ्रेमपुरत्या कियो-सान

व्हिनेगरचा वास. यतीनच्या शर्टाला, बॅगेला, केसांनासुद्धा.

मोठं सामान फेकायचं असेल तर आधी फोन करायचा, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून स्टिकर आणून त्यावर चिकटवायचा.

जपानात भुतांचे पिक्चर उन्हाळ्यात लागायचे. अंगावर काटा आला की गार वाटतं म्हणून.

लेक ईश्वरी बालवाडीतून एक शब्द शिकून आली: “यादा.” म्हणजे नको. दूध यादा, पोळी यादा, पुणे यादा.

जे मागच्या फ्रेममध्ये नाही आणि पुढच्याही फ्रेममध्ये नाही, ती घाण.

हा शेवटचा नियम यतीनचा, आणि त्याला त्याचा भारी अभिमान. दोन हजार चार साली कंपनीने त्याला पुण्याहून टोकियोला पाठवलं ते याच कामावर. डीव्हीडीचा जमाना आला होता आणि जपानी कंपन्या गोदामातली जुनी रिळं बाहेर काढून विकत होत्या. ही रिळं सडली की व्हिनेगरसारखा वास मारतात. ती मशीनमधून एकदा फिरवून घ्यायची आणि त्यांच्यावरचे धुळीचे ठिपके प्रोग्रामने पुसायचे. ठिपका एका फ्रेमवर असतो, शेजारच्या फ्रेमवर नसतो. सापडला की पूस. इतकं सोपं.

त्याच्या बायकोचं, सुलेखाचं मात्र सोपं नव्हतं. पुण्यात ती बँकेत होती. इथे व्हिसावर ‘डिपेंडंट’ लिहिलेलं, आणि ओजिमाच्या सरकारी वसाहतीत पाचव्या मजल्यावरचं घर. दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कियो-सान तिची कचऱ्याची पिशवी परत घेऊन दारात उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. खाली बसल्या, बाटलीचं झाकण वेगळं केलं, कागद सोलला, “असं, ओकुसान,” म्हणाल्या. आपण वहिनी म्हणतो तसं. तिथून जे जाणंयेणं सुरू झालं ते वाढतच गेलं. सुलेखाचं तोडकंमोडकं जपानी कियो-सान न हसता ऐकायच्या, आणि ईश्वरीला तर त्या सख्ख्या आजीपेक्षा जवळच्या झाल्या.

“तुम्ही काय काम करायच्या?” एकदा सुलेखानं विचारलं.

“मरायचे.”

“अं?”

“पिक्चरमध्ये हो! नदीत मरायचे, विहिरीत मरायचे. एकदा भाताच्या खाचरात मेले, तर पायाला जळू डसली. ओरडता येईना. मेलेली ना मी!” आणि त्या खो खो हसल्या.

स्टुडिओ स्वस्तातला, कधीच बंद पडलेला. पोस्टरवर बाईची उघडी पाठ आणि बादलीभर लाल रंग, की झाला पिक्चर. त्यातला एकच कियो-सानच्या जिवाचा. ‘मिठाचं कोठार’. एक सरदार आपल्या बायकोला मिठाच्या कोठारात कोंडून मारतो आणि तिचं भूत एकेकाला गाठतं. नायिकेच्या कातडीला डिंक सोसेना. मग भुताचा रबरी सुजका चेहरा कियो-सानच्या तोंडावर बसवला.

“मार तिने खाल्ला, सूड मी घेतला. पण रबराखाली कोण आहे, हे कुणाला कळणार?”

फक्त एकदा दिग्दर्शकाच्या मनात आलं. शेवटी सरदार पाण्याचा पेला तोंडाला लावतो, तेव्हा बाई जिवंतपणी होती तशी दिसू द्यावी. रबर नाही, सूज नाही. केस मोकळे आणि कियो-सानचा स्वतःचा चेहरा. तोही एकाच फ्रेमपुरता. दिसला म्हणेपर्यंत गेला पाहिजे.

“थिएटरात मी रोज जायचे. डोळे ताणून बसायचे. पापणी लवली की मी गेले!” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “घरातले सगळे फोटो लहानपणीच आगीत गेले. नंतर काढले ते गर्दीतले. तरुणपणी मी कशी दिसायचे, ते तेवढ्या एका फ्रेमलाच ठाऊक.”

संध्याकाळी सुलेखानं पिक्चरचं नाव सांगितलं तर यतीन उडालाच. “अगं, तो आमच्याचकडे झाला! ऑगस्टमध्ये येतोय बाजारात.”

मग काय विचारता! कियो-सान नवा डीव्हीडी प्लेअर विकत घेऊन आल्या. “याला थांबवायचं बटण असतं ना?” हाच त्यांचा पहिला प्रश्न. ईश्वरीच्या कार्टूनवर त्यांनी सराव केला. थांबव, एक फ्रेम पुढे, एक मागे. कार्टूनमधलं मांजर हवेत लटकलेलं राहायचं आणि दोघी टाळ्या पिटायच्या. कित्येक महिन्यांत सुलेखाला पहिल्यांदा वाटलं, आपण इथे कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

शनिवारी दुपारी कियो-सान केस सेट करून, पावडर लावून, कापलेलं कलिंगड घेऊन आल्या. यतीननं डीव्हीडी लावली. चित्र इतकं स्वच्छ, जणू कालच काढलेलं. रबरी भूत आलं तेव्हा ईश्वरी किंचाळून त्यांच्याच कुशीत शिरली. शेवटी सरदारानं पेला उचलला. कियो-सान पुढे सरकल्या. सरदार पाणी प्यायला.

त्यांनी मागे घेतलं. पुन्हा प्यायला. मग एकेक फ्रेम. पेला, पेला, पेला, ओठ.

“लवली वाटतं पापणी,” त्या म्हणाल्या. पुन्हा मागे.

यतीन उठून स्वयंपाकघरात गेला. सुलेखा त्याच्या मागे.

“यतीन?”

“एकाच फ्रेममध्ये होतं ते. टीमला वाटलं, दुसऱ्या कुठल्यातरी पिक्चरचा तुकडा चिकटलाय. जुन्या रिळांत असतात असले.”

“मग विचारायचं ना कुणाला!”

“इथे विचारलं की मीटिंग लागते, सुलेखा. मीटिंग झाली की सगळा पिक्चर पहिल्यापासून तपासायचा, तारीख चुकायची, आमचे साहेब, काचो-सान, क्लायंटपुढे वाकून माफी मागणार. कोण विचारतंय?”

“मूळ रीळ?”

“सडलं होतं. नष्ट केलं.”

“मशीनमधून घेतलेलं तरी असेल.”

“त्या टेपवर पुढचा पिक्चर घेतला.” तो आणखी काहीतरी बोलणार होता. त्यानं सुलेखाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

बाहेर अजून बटण वाजत होतं. शेवटी सुलेखाच जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि जमेल तेवढ्या जपानीत तिनं सांगितलं. मशीनला घाण वाटली. पुसलं. आता कुठेच नाही.

कियो-साननी रिमोट दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

“रागवा ना,” सुलेखा रडतच म्हणाली. “काहीतरी बोला आम्हाला.”

“कुणावर रागवू, ओकुसान? भूत व्हायला कुणीतरी मारावं लागतं. मला कुणी मारलंच नाही.” त्या वाकल्या. “तुम्हाला उगाच त्रास झाला. कलिंगड खाऊन घ्या, गरम होईल.”

त्यानंतर त्यांनी दार उघडणं कमी केलं. ऑक्टोबरात एक पुतण्या उगवला आणि त्यांना कुठल्याशा वृद्धाश्रमात घेऊन गेला. सुलेखा तेव्हा बाजारात गेली होती. पत्ता वसाहतीच्या ऑफिसनं दिला नाही, खासगी माहिती म्हणाले. खाली मोठ्या सामानाच्या जागी प्लेअर पडला होता. वर स्टिकर, अगदी सरळ चिकटवलेला.

“ओबाआचान दोको?” ईश्वरी विचारते. आजी कुठे?

 संध्याकाळी दिवा न लावता सुलेखा शेजारच्या भिंतीकडे बघत बसते. निदान सूड घ्यायला तरी कुणी यावं. केस मोकळे सोडून, रबराशिवाय. कुणी येत नाही. भिंतीपलीकडे नवे भाडेकरू आलेत, त्यांचा टीव्ही ऐकू येतो.

मे महिन्यात यतीननं तो चेहरा लॅपटॉपवर तिला दाखवला होता. “ठेवू की काढू?” त्यानं विचारलं होतं. पोळी लाटता लाटता सुलेखा म्हणाली होती, “काढून टाक बाई, कशी बघतेय.”