पोटरीचा हट्ट

"आधी तिचं करा, मग माझं," आजोबा म्हणाले आणि व्यायामवाल्या बाईंचा हात त्यांच्या टाचेवरच थबकला. आजींना जाऊन महिना होत आला होता. शेजारची खाट मात्र रोजच्यासारखी अंथरलेली.

"आजी नाहीत आता, आजोबा."

"माहीत आहे. पाय आखडलेत माझे, डोकं नाही."

दोघांच्याही पोटऱ्या बाई वर्षभर ताणत आल्या होत्या, त्याही डोळे मिटून. डोळे उघडे असले की हात आळशी होतो, असं त्यांचं मत. बाईमाणसाचा स्नायू ताणला की लवकर सैल पडतो, पुरुषाचा घट्टच राहतो, हा त्यांच्या हाताचा अनुभव. सगळीकडे तसं नसेलही. या घरात मात्र तंतोतंत खरा. आजींचं पाऊल वर रेटून धरलं की पोटरी मऊ व्हायची, त्या खोल श्वास सोडायच्या आणि डाव्या पायाचा अंगठा हलवायच्या. आजोबांची पोटरी म्हणजे रुसलेला जावई. कितीही विनवा, जागची हलायची नाही. "बायकोचं कधी ऐकलं नाही, तुमचं काय ऐकणार?" आजी पलीकडून टोमणा मारायच्या.

दारात आजोबांचा मुलगा उभा होता. त्याने बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं: बाबा आज आधाराशिवाय दारापर्यंत चालले तर घरी राहतील, नाहीतर उद्या वृद्धाश्रमाची गाडी येईल. तो वाईट नव्हता, थकला होता.

बाईंनी डोळे मिटून आजोबांचं डावं पाऊल रेटलं. जरासा विरोध झाला, मग पोटरी एकाएकी सैल पडली. शेजारच्या खाटेच्या बाजूने खोल श्वास ऐकू आला. हातातल्या पायाचा अंगठा हलला.

हा पाय ओळखीचा होता, पण आजोबांचा नव्हता. डोळे उघडायला बाईंना धीर होईना. उघडले तेव्हा आजोबा ओठ मिटून त्या खाटेकडे बघत होते.

"ऐकलं बघ एकदाचं," ते पुटपुटले. बाईंना नव्हे.

मग उठले आणि काठी न घेता निघाले, आजींसारखीच डावी टाच जपून टेकत. मुलगा बाजूला झाला. बाईंना निरोप द्यायला आजी रोज दारात उभ्या राहायच्या. तेवढी जागा सोडून आजोबा चौकटीला टेकले.

बाई त्या जागेतून गेल्या नाहीत. अंग चोरून, कडेकडेने बाहेर पडल्या.