माझं "हो" परत द्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत ना? फट ठेवून बघू नका, मला कळतं. आता कल्पना करा, तुम्ही सकाळी उठलात आणि घरातली सगळी दारं कुणीतरी पांढरीशुभ्र रंगवून ठेवली आहेत. भिंतीही पांढऱ्या. कडी नाही, मूठ नाही. न्हाणीघराचं दार कुठलं आणि कपाटाचं कुठलं, काही पत्ता नाही. तुम्हाला घाई लागलेली, तुम्ही धावत जाता आणि थेट कपाटात शिरता! बाहेर उभा असलेला रंगारी मान डोलावून म्हणतो, "किती नीटनेटकं दिसतंय, नाही?"

उघडा डोळे. ही गोष्ट तशाच एका रंगाऱ्याशी भांडलेल्या मुलीची आहे.

तिला घरात सगळे खुसपट म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपटावर. वय वर्षं अकरा. पुस्तकातल्या चित्रात कोळ्याला सातच पाय आहेत, हे वर्गात पहिल्यांदा तिला दिसलं. जिन्याची बारावी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे, हेही तिनेच शोधलं. अशा मुलीला आवडीचं काम मिळालं, तर ती काय सोडते होय?

काम असं होतं. ब्राउझर म्हणजे कॉम्प्युटरवरची ती खिडकी, जिच्यातून आपण इंटरनेट बघतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण ती बनवणारी माणसं नवं रूप सगळ्या जगाला देण्याआधी एक कच्ची आवृत्ती काढतात. शिंपी कसा कच्ची शिलाई घालून कपडा आधी अंगावर चढवून बघतो, तसंच. ज्यांना हौस असेल त्यांनी ती वापरायची आणि कुठलं बटण कुठे सरकलं, काय सोपं झालं, काय अडलं ते अर्जात भरून कळवायचं. फक्त एक अट होती. परीक्षक मोठं माणूस हवं.

मोठं माणूस होतं आत्या. "घे माझं नाव," आत्या म्हणाली होती. "त्याला बट्टा लावू नकोस म्हणजे झालं."

तर खातं आत्याच्या नावाचं आणि बोटं खुसपटची, असं वर्षभर चाललं होतं. आत्याच्या नावापुढे आता चंदेरी तारा होता. "पहिल्या रांगेतील परीक्षक" असं त्याखाली लिहिलेलं. खुसपट रोज शाळेतून आली की आधी तो तारा बघे आणि मग दप्तर ठेवी.

आत्या शिलाई मशिनं दुरुस्त करायची. घराच्या तळमजल्यावर तिचं दुकान. आत शिरलं की तेलाचा वास, भिंतीभर छोटे खण, टेबलावर लोहचुंबकाला चिकटलेले स्क्रू आणि दोन खणांच्या मधे बसवलेला कॉम्प्युटर. गेल्या दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरायचा. ती मनगट टेबलाच्या कडेवर घट्ट दाबायची, श्वास रोखायची आणि बरोब्बर भोकात स्क्रू सोडायची. कुणी "द्या मी करतो" म्हणालं, की तिचं उत्तर ठरलेलं. "हात माझा थरथरतो, स्क्रू नाही."

तिची एक पद्धत होती. जुनं मशिन पूर्ण खोललं की ती एका संकेतस्थळावरून त्याच्या भागांची चित्रं काढायची. वीस भाग असतील तर वीस टॅब. वर ओळीने नावं दिसायची. बॉबिन, शटल, सुईदांडा, ताणाची स्प्रिंग. एक भाग जागेवर बसला की त्याचा टॅब बंद. शेवटचा टॅब मिटला म्हणजे मशिन पुरं झालं. वीस वर्षांत एकही भाग बाहेर उरला नव्हता.

आणि आपली गोष्ट सुरू होते त्या आठवड्यात उरला.

एक शिंपीणबाई मशिन घेऊन परत आल्या. दर चौथ्या टाक्याला धागा तुटत होता. आत्याने झाकण उघडलं. ताणाची स्प्रिंगच आत नव्हती. ती खणाच्या कोपऱ्यात पडली होती.

शिंपीणबाई वाईट नव्हत्या, पण जीभ सैल. म्हणाल्या, "आता बास करा की हो. तुमच्या मुलाला बसवा इथे. वय कुणाला चुकलंय?"

त्या गेल्यावर आत्याने खुर्ची ओढली आणि पुसायचा कपडा हातात धरून नुसती बसून राहिली. "हाताचं ठीक आहे गं," ती खुसपटला म्हणाली, "पण डोकंही चाललं की काय माझं? मी तो टॅब स्वतः बंद केलेला मला आठवतोय."

खुसपटने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

दहा दिवसांपूर्वी तिनेच तिथे नवी कच्ची आवृत्ती घातली होती. तिच्यात वरची टॅबची पट्टी गेली होती. टॅब आता डाव्या कडेला लपायचे. माउस कडेला नेला की पट्टी बाहेर यायची आणि जरा हलला की आत पळायची. पट्टीवर नावं नव्हतीच, फक्त प्रत्येक संकेतस्थळाचं इवलंसं चिन्ह. आत्याची सगळी चित्रं एकाच संकेतस्थळावरची. म्हणजे एकाखाली एक, वीस सारखी निळी चाकं! थरथरणारा हात कुठल्या चाकावर पडेल, याचा काय नेम? स्प्रिंग बसायच्या आधीच चुकून तिचाच टॅब मिटला होता.

खुसपटने ती आवृत्ती तपासली होती, नाही असं नाही. तीन टॅब उघडले होते, एक खेळाचा, एक हवामानाचा, एक कोड्यांचा. तीन वेगळी चिन्हं, तिचा हात स्थिर. दोन मिनिटांत अर्ज भरून मोकळी. "नवी पट्टी सोपी वाटली का?" "हो." आणि खाली आपणहून लिहिलं होतं, "छान! जागा वाचते."

"आत्या," ती म्हणाली, "तुझं डोकं ठीक आहे. माझं चालत नव्हतं."

तिने सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या नावाने तू सांगितलंस, की मला हे सोपं जातं?"

"हो."

"बरं. रडू नकोस, की-बोर्ड ओला होईल. आता निस्तर."

तात्पुरता उपाय सोपा होता. सेटिंगमध्ये "जुनी पट्टी" असा एक खटका होता, तो खुसपटने दाबला. नावं परत आली. पण खालीच बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पुढच्या आवृत्तीपासून हा खटका राहणार नाही. शुक्रवारी निर्णय पक्का होणार आणि मग सगळ्यांना तेच.

खुसपटने चाचणीच्या पानावर लिहिलं, की खटका काढू नका, आमच्या आत्याला त्रास होतो. चाचणीप्रमुख बाईंचं उत्तर तासाभरात आलं. गोड होतं. "आपल्या मताचा आदर आहे. परंतु चारशे बारा परीक्षकांपैकी तीनशे ऐंशी जणांना पट्टी सोपी वाटली. त्यांत आपणही आहात. आपला अभिप्राय सोबत जोडला आहे. थोड्या दिवसांत सवय होईल."

आणि खाली तिचंच वाक्य. छान! जागा वाचते.

"झाली फजिती," आत्याचा मुलगा मागून वाचत म्हणाला. तो कॉलेजात कॉम्प्युटरच शिकत होता आणि त्याला सगळं येत होतं. "सोडून दे. सवय होते माणसाला."

"हाताच्या थरथरण्याचीही मला सवय झालीय," आत्या स्क्रू घासत म्हणाली. "म्हणून सुईत दोरा जातो का रे?"

"आई, मग दुसरं ब्राउझर घे ना!"

"आणि उद्या त्यांनीही हेच केलं तर?" खुसपट फिस्कारली. "मग तिसरं? मग चौथं? दादा, दार त्यांनी रंगवायचं आणि घर आम्ही सोडायचं?"

"तीनशे ऐंशी लोक आहेत, बाई! तू एकटी काय करणार?"

"तीनशे एकोणऐंशी," खुसपट म्हणाली. "मी माझं हो परत घेतेय."

दादा हसला, पण मग गंभीर झाला. "नीट ऐक. 'हो' चुकीचं होतं असं सांगायचं, तर ते आईने लिहिलं नव्हतं हेही सांगावं लागेल. अकरा वर्षांची मुलगी तपासत होती म्हटलं की खातं बंद. तारा गेला. कच्च्या आवृत्त्या बंद. कळतंय ना?"

खुसपटने ताऱ्याकडे पाहिलं. वर्षभराची मेहनत होती ती. गप्प बसलं, तर तारा राहणार होता. आणि आत्या एक दिवस खरंच दादाला खुर्ची देऊन उठणार होती.

"आत्या, आपण चाचणी करू या," ती म्हणाली. "खरीखुरी. तुझ्या हाताने."

तिने खटका बंद करून नवी पट्टी पुन्हा आणली. आत्याची नेहमीची वीस चित्रं उघडली. दादाच्या फोनवर आत्याचा हात आणि पडदा दिसेल असं चित्रण सुरू केलं. खुसपट एकेका भागाचं नाव घेणार आणि आत्या त्याचा टॅब उघडणार. पहिल्याच नावाला पट्टी तीनदा आत पळाली. खुसपटचा हात आपोआप माउसकडे गेला.

"हात मागे," आत्या म्हणाली. "परत माझ्या नावाने करतेस का?"

मग खुसपट स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली. होय, पंजे मांडीखाली घालून! आणि तशीच नावं घेत राहिली. वीस नावांत आत्याचा टॅब अकरा वेळा चुकला. शेवटी दादाही बसला आणि त्याचाही चारदा चुकला. त्याचा हात तर दगडासारखा स्थिर. चित्रण संपल्यावर तो उठून गेला आणि येताना आईसाठी पाणी घेऊन आला.

गुरुवारी संध्याकाळी खुसपटने पत्र लिहिलं. दादाने दोन ठिकाणी "कृपया" घालायला सांगितलं. तिने एकाच ठिकाणी घातलं.

"मी अकरा वर्षांची आहे. या खात्यावरून मी तपासत होते, आत्या नाही. मी तीन वेगळे टॅब उघडून हो म्हटलं. ते हो खोटं नव्हतं, पण ते माझं होतं, आत्याचं नव्हतं. कृपया ते परत द्या. खातं बंद करायचं तर करा. पण आधी एकाच संकेतस्थळाचे वीस टॅब उघडा, सोबतचं चित्रण बघा, आणि मग सांगा किती सोपं आहे. तुमच्या चारशे बारा परीक्षकांपैकी किती जणांचे हात थरथरतात? विचारलंत का?"

आत्याने वाचलं. "शेवटचं वाक्य तिखट आहे," ती म्हणाली.

"काढू?"

"हात तर लावून बघ!"

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. तेव्हा दुकानात शिंपीणबाईंचं मशिन टेबलावर होतं. स्प्रिंग जागेवर बसली होती आणि टाके सरळ पडत होते. उत्तर खुसपटने मोठ्याने वाचलं.

"वीस टॅब उघडून पाहिले. माझे स्वतःचे सहा चुकले. आम्ही विचारलं नव्हतं, हे खरं आहे. खटका पुढच्या एका आवृत्तीपुरता राहील. त्यानंतरही तो ठेवायचा, तर थरथरणाऱ्या हातांच्या लोकांचे निदान तीस अभिप्राय लागतील. आपला अभिप्राय रद्द केला आहे. नियमानुसार चंदेरी तारा काढण्यात येत आहे. खातं चालू राहील, मात्र ते ज्यांच्या नावाचं आहे त्यांनीच वापरावं."

खुसपटने पुन्हा पाहिलं. तारा खरंच गेला होता. तिथे कोरी जागा होती.

"एका आवृत्तीपुरता," दादा म्हणाला. "आणि तीस माणसं! कुठून आणणार तू?"

आत्याने हात पुसले, कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्जाचं पान स्वतः उघडलं. "एक तर इथे बसलंय," ती म्हणाली. "राहिले एकोणतीस."

खुसपटने शिलाई मशिनच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि त्यावर जाड अक्षरात लिहिलं, "ज्यांचे हात थरथरतात त्यांनी आत यावं. कॉम्प्युटरला नावं ठेवायची आहेत." मग तो दुकानाच्या दाराला बाहेरून बांधला, शेजारी दोन स्टुलं मांडली आणि तिसऱ्यावर, स्वतःच्या हातांवर, बसून राहिली.