अर्ध्या दराचं काम

सुशील कुणाच्या नोकरीत नव्हता. पेणच्या गणपती कारखान्यांची वायरिंग, पंखे, मोटारी ही सगळी कामं तो स्वतःच्या हिमतीवर घ्यायचा. दर त्याचाच, आणि त्या दरातून तो सहसा खाली उतरत नसे. म्हणून रोह्याजवळ आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या दर्शनाताईंचा फोन आला, तेव्हा त्याने नेहमीचाच आकडा सांगितला.

"सुशीलदादा, आमची संस्था देणग्यांवर चालते हो. थोडं कमी नाही का होणार?"

त्याने मनातल्या मनात हिशोब केला. मग म्हणाला, "अर्ध्यात करतो, ताई. मुलींचं काम हाय."

बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. पिंकीला, त्याच्या बायकोला मात्र पटलं नाही. ती घरीच शिवणकाम करायची. मशीन थांबवून म्हणाली, "करायचं तर फुकट करा, नायतर पुरे पैसे घ्या. कमी शिलाईचे ब्लाउज माझ्या हातात कधी येतात, बघता ना? सगळ्यांच्या शेवटी."

"तुझं कायतरीच गो," तो हसला.

सुरुवातीला त्याने जीव ओतून काम केलं. खोल्यांची जुनी वायर काढून नवी ओढली. वसतिगृहाचा स्वयंपाक गिरजाबाई करायची. शेजारच्या कातकरवाडीतली, बोलकी बाई. ती त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. "दादा, तुमी पैशे सोडलंत. आता माजं बिरडं तरी सोडू नका," म्हणायची आणि ताटात आणखी वाल वाढायची.

बोअरची मोटार तेवढी राहिली होती. ती बसवत असतानाच पेणहून हैबतरावांचा फोन आला. त्यांच्या कारखान्यातले मूर्ती वाळवायचे पंखे बंद पडले होते. "आत्ताच्या आत्ता ये. मागशील ते देतो."

सुशील हत्यारं आवरू लागला.

"निदान मोटार तरी चालू करून द्या," दर्शनाताई म्हणाल्या. "पोरी ओढ्यावरून पाणी वाहतात."

त्याने मोटार जोडून दिली. "अर्थिंगचा खड्डा राहिलाय, करंट उतरला तर जमिनीत जायला. सोमवारी येऊन करतो," म्हणाला. तोवर मोटारीला हात लावू नका, हे काही तो बोलला नाही.

सोमवारी हैबतरावांचं काम उरकलं नव्हतं. मग दुसऱ्या कारखान्याचं निघालं, मग तिसऱ्या. रोह्याची आठवण त्याला व्हायची, नाही असं नाही. पण अर्ध्या पैशांच्या कामापायी अख्खा दिवस मोडायचा, म्हणून तो दर वेळी पुढे ढकलायचा.

मग एका दुपारी फोन आला. तांदूळ धुता धुता गिरजाबाई मोटार बंद करायला गेली होती. हात ओले होते, आणि मोटारीच्या लोखंडात करंट उतरला होता. एका मुलीने मेन स्विच पाडला, तोवर सगळं संपलं होतं.

सुशील पोचला तेव्हा अंगणात पोलीस पंचनामा करत होते. गिरजाबाईचा नवरा, बुधा, भिंतीला टेकून उकिडवा बसला होता.

"मोटार जुनीच होती, देणगीत आलेली," दर्शनाताई हवालदाराला सांगत होत्या. "या दादांनी तर अर्ध्या पैशांत काम करून दिलंय. त्यांच्यावर कसला आळ घ्यायचा?"

हवालदाराने मान डोलावली. सुशील नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं. अर्थिंगसाठी त्याने सोडलेली हिरवी वायर मोटारीपाशी तशीच गुंडाळून पडली होती.

"अर्थिंग केलं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिलं."

"दादा, गप्प बसा," दर्शनाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "वसतिगृह बंद पडेल."

"राहिलं, की केलंच नाय?" हवालदाराने विचारलं.

"केलंच नाय."

बुधा उठून जवळ आला. हा मारेल, असं सुशीलला वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. पण बुधाने हात उचलला नाही.

"पैशे कमी व्हते म्हनून?"

सुशीलने दुसरं काही उत्तर शोधून पाहिलं. "व्हय," तो म्हणाला.

"मंग सांगायचं व्हतं आमाला," बुधा म्हणाला. "खड्डा आमी खनला असता."

केस झाली. सुशील जामिनावर सुटला, पण पेणचे बरेच कारखानेवाले त्याला बोलवेनासे झाले. वसतिगृहाला कुलूप लागलं. मुली आपापल्या वाडीवर गेल्या. त्यातल्या काही आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेल्या, त्या पुन्हा शाळेत आल्या नाहीत. देणग्या आटल्या आणि दर्शनाताई पुण्याला निघून गेल्या.

रोह्याच्या कोर्टात तारखा पडतात. बाहेर एकच बाकडं आहे. पहिल्या तारखेला सुशील उभाच राहिला होता. बुधाने जरा सरकून जागा केली, तसा तो बसला. दोघांचाही दिवस बुडाला होता. पुकारा झाला, पुढची तारीख मिळाली. बुधा चपला पायात सरकवून वाडीच्या रस्त्याला लागला. सुशीलची मोटारसायकल तिथेच उभी होती, पण चला सोडतो, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं नाही.