कडक पावाचा पहिला घास

राग असा आला होता की दात-ओठ खावेत, पण ताईला तेवढीही सोय उरली नव्हती. उजवीकडच्या दोन अक्कलदाढा, एक वरची आणि एक खालची, आदल्याच दिवशी डॉक्टरांनी काढल्या होत्या. गाल टम्म सुजला होता, आणि समोर बसून बेकरीतली पॅकिंगवाली एकेक बातमी सांगत होती.

"तुमचे भाऊजी मालकीणबाईंना म्हणाले, ताईंच्या तोंडाची चव गेलीय. महिनाभर नुसतं ठोकून देतायत. आता भट्टी माझ्याकडेच द्या. बाई म्हणाल्या, पुढच्या सोमवारी मी स्वतः सकाळी येते, तेव्हा काय ते ठरवू."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सहा वर्षांपूर्वी कुठल्याच कामावर टिकत नव्हता, तेव्हा ताईनंच शब्द टाकून त्याला बेकरीत चिकटवला. पीठ मळण्यापासून आच ओळखण्यापर्यंत सगळं तिनं शिकवलं. महिनाभर ती ठणकत्या दाढेनं भट्टीपुढे उभी होती, तेव्हा "ताई, जा बरं, दाढा काढून घ्या, मी आहे ना," म्हणून मागे लागलेलाही हाच. तोंडावर ती त्याला अहो-जाहो करायची. मनात त्या दिवसापासून अरे-तुरे सुरू झालं.

त्या बेकरीत एक रीत होती. सकाळचा पहिला ट्रे निघाला की भट्टी सांभाळणाऱ्यानं त्यातला एक लांब कडक पाव मोडायचा, तुकडा दाढेखाली धरायचा आणि सगळ्यांसमोर चावायचा. कवच फुटल्याचा आवाज पॅकिंगच्या टेबलापर्यंत गेला तर माल पुढच्या फळीवर, नाहीतर ट्रे परत भट्टीत. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी हे सुरू केलं होतं. ज्याला चावता येत नाही त्यानं भट्टीपुढे उभं राहू नये, असा त्यांचा खाक्या. अकरा वर्षं हा पहिला घास ताईचा होता. तो चावताना सतरा माणसं श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत. आयुष्यात दुसरा कसला मान तिच्या वाट्याला आला नव्हता, आणि हा एक ती कुणाच्या बापाला सोडणार नव्हती.

पहिले दोन दिवस बोलायची मनाई होती. तिनं वहीवर लिहिलं, 'आता घास कोण घेतं?'

"तेच. पण आत कोठीत जाऊन. सगळ्यांसमोर तोंड वेंगाडायला आवडत नाही म्हणाले. बाहेर येऊन सांगतात, झकास! मला तर पाव मऊ लागला बाई."

पॅकिंगवाली गेल्यावर ताईनं नवऱ्याकडून डॉक्टरांचा पथ्याचा कागद मागून घेतला आणि परीक्षेला बसल्यासारखा पाठ केला. लोक बरं वाटावं म्हणून पथ्य पाळतात. हिनं ते सूड म्हणून पाळलं. सोमवारी तिला तोंड उघडायचं होतं आणि चावायचं होतं, बस.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि तिथंही तोच काटेकोरपणा सुरू केला. भोपळ्याचं सूप दोनदा गाळून, बोट बुडवलं तर ना गार ना गरम असं. बटाटा लोण्यात इतका कुस्करलेला की एक गुठळी सापडली तर तोच स्वतःवर चिडायचा. अर्धवट उकडलेलं अंडं, दही, पिकलेलं केळं. मसाला नाही, बिया नाहीत, नळीनं ओढून पिणं तर मुळीच नाही, कारण त्या ओढीनं जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी सुटते आणि मग हाड उघडं पडतं.

"अजून चार चमचे," तो म्हणायचा.

"पोट भरलं हो."

"पोटासाठी कोण म्हणतंय? भाऊजींसाठी घे."

मग ती घ्यायची. एकेक चमचा गिळताना तिला तो दिसायचा, कोठीचं दार लोटून घेणारा. भाऊजीसाठी अंडं, भाऊजीसाठी दही. इतक्या प्रेमानं तिनं कुणाच्या नावानं कधी खाल्लं नव्हतं. दर जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्यानं हळूच चूळ, आणि आरशासमोर उभं राहून जबडा उघडायचा सराव. मंगळवारी तोंडात एक बोट मावलं. बुधवारी दीड.

गुरुवारी भाऊजी स्वतःच आले, हातात खारवलेल्या शेंगदाण्यांची पिशवी घेऊन. "तोंडाला चव यावी म्हणून आणले," म्हणाले. जखमेत अडकायला याहून चांगली वस्तू बाजारात मिळाली नसती. ताईनं पिशवी घेतली आणि एका बाजूनं हसली.

नवऱ्यानं चहा आणि जाड, कडक बिस्किटं ठेवली. भाऊजी बोलता बोलता बिस्किट चहात धरून बसले. बाहेर काढलं, बघितलं, पुन्हा बुडवलं. मग पुढच्या दातांनी कुरतडून, जिभेनं टाळूवर दाबून गिळलं. गाल हललाच नाही.

ताईचं त्यांच्या बोलण्यावरचं लक्ष उडालं. पाच दिवस ती स्वतः अशीच खात होती. तसंच बुडवणं, तसंच जिभेनं दाबणं, आणि गिळण्याआधीची तीच छोटीशी धास्ती. निरोगी माणसाला ते दिसलंही नसतं. ह्याच्या मागच्या दाढाच नाहीत! असल्याच तर बसवलेल्या, त्याही ढिल्या. म्हणून कोठीचं दार बंद, म्हणून पाव मऊ. चावायची वेळच येऊ नये म्हणून हा पठ्ठ्या ट्रे वेळेआधीच बाहेर काढतोय.

"घ्या ना भाऊजी अजून एक," ती हळूच म्हणाली.

"नको नको, पोट भरलं."

त्या दिवशी तिला गाढ झोप लागली. हे लगेच फोन करून बाईंना सांगता आलं असतं, पण सांगण्यात काय मजा? तिला ते सतरा माणसांसमोर हवं होतं. शनिवारी डॉक्टरांनी टाके बघितले, मान डोलावली आणि डावीकडून जपून चावायला परवानगी दिली. तोंडात तीन बोटं मावत होती.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी बेकरीत हजर होती. मालकीणबाई आल्या, खुर्ची घेऊन भट्टीजवळ बसल्या. भाऊजींनी ताईला पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून त्यांनी ट्रे ओढायला सळई उचलली.

"अजून चार मिनिटं," ताई म्हणाली.

"झालाय की."

"रंग बघा. बाई, तुम्हीच बघा."

बाईंनी वाकून पाहिलं. "चार मिनिटं राहू दे," त्या म्हणाल्या.

त्या चार मिनिटांत ताईला जे सुख झालं ते सांगण्यासारखं नाही. भाऊजींच्या कपाळावर घाम होता, आणि तो भट्टीचा नव्हता. ट्रे निघाला. पाव तांबूस, टणक, बोटानं टिचकी मारली तर टकटक वाजणारे. भाऊजींनी एक मोडला आणि कोठीकडे वळले.

"इथंच चावा की भाऊजी. बाई मुद्दाम आल्यात. त्यांना ऐकू द्या."

पॅकिंगच्या टेबलावरचे हात थांबले. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि ताईला ती अगदी स्वच्छ कळली. तिनं नजर हलवली नाही.

त्यांनी तुकडा दाढेखाली घातला आणि डोळे मिटून चावला. आवाज झाला, पण पावाचा नव्हे. त्यांनी तोंडाला हात लावला, आणि हाताबरोबर पाव बाहेर आला. पावात रुतलेली कवळी होती, चार दाढांची, तारेसकट, आणि तिला रक्त लागलं होतं. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले.

मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा पाव मोडून ताईपुढे धरला. ताईनं तो डावीकडे सरकवला. दुखेल की काय अशी धास्ती होती, तरी तिनं चावला. कर्र! दारापर्यंत गेला आवाज.

"पुढच्या फळीवर," बाई म्हणाल्या. "भट्टी ताईकडे. आणि तुम्ही उद्यापासून पिठाकडे." एवढं बोलून त्या उठल्या.

माणसं कामाला लागली. भाऊजी तोंडावर फडकं धरून तिथंच उभे होते. थोड्या वेळानं जवळ आले. बोलताना शब्द हवेसारखे निसटत होते.

"ताई, गेल्या वर्षी काढल्या दाढा. कुणाला बोललो नाही. इथली रीत माहीत होती ना. दुसऱ्याच दिवशी इथं येऊन सगळ्यांबरोबर कडक पाव खाल्ला, कळू नये म्हणून. तेव्हापासून बरं झालंच नाही नीट." त्यांनी फडकं काढून पाहिलं. ते लाल झालं होतं. "आत्ता हिरडी फाटलीय बहुतेक. तुम्ही नऊ दिवस काढलेत. सांगा ना, काय खाऊ मी?"

दुसऱ्याच दिवशी कडक पाव. ताईच्या रिकाम्या खाचेतून कळ गेली, जणू तो पाव तिनंच चावला होता. आणि उत्तर तर तिला तोंडपाठ होतं. पहिल्या दिवशी गार, मग कोमट, बटाटा किती कुस्करायचा, चूळ कधी भरायची, कुठल्या बाजूनं गिळायचं.

"भाऊजी, बाजूला व्हा," ती म्हणाली. "दुसरा ट्रे काढायचाय."